वापरलेली बीएमडब्ल्यू झेड४ की पोर्शे बॉक्स्टर? ग्वाल्हेरचे रोजचे रस्ते आणि अधूनमधून ट्रॅक

लश्करकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. गेली बारा वर्षे मी या संकेतस्थळावर नुसताच वाचक आहे. आज पहिल्यांदा धागा काढत आहे, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्यावे.

मी ग्वाल्हेरला लश्कर भागात, जुन्या वाड्यात राहतो. माझा कारखाना मालनपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, म्हणजे गोले का मंदिर चौकातून भिंड रस्त्याने रोजची जाऊन-येऊन सुमारे पंचेचाळीस किलोमीटरची फेरी होते. घरातील मंडळींसाठी एक हॅचबॅक आहे आणि ती राहणारच आहे. पन्नाशी उलटण्यापूर्वी उघड्या छताची, दोन आसनांची एक गाडी घ्यावी, तिने रोज कारखान्यावर जावे आणि वर्षातून चार-पाच वेळा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर तिला मनसोक्त पळवावे, असा विचार आहे. आग्र्यापर्यंत सव्वाशे किलोमीटर आणि पुढे यमुना एक्स्प्रेसवे, असे सुमारे तीनशे किलोमीटर अंतर होते. पहाटे निघालो तर सकाळच्या फेरीला पोहोचता येते.

दोन गाड्या मनात भरल्या आहेत आणि दोन्ही दिल्लीतच आहेत. पहिली बीएमडब्ल्यू झेड४ एसड्राइव्ह ३५आय : डिसेंबर २०११ची नोंदणी, एक्केचाळीस हजार किलोमीटर, दुसरा मालक, घडी होणारे धातूचे छत. दुसरी पोर्शे बॉक्स्टर, ९८१ पिढीतील, २.७ लिटर इंजिन आणि पीडीके (दोन क्लचच्या स्वयंचलित) गिअरबॉक्सची : जुलै २०१३ची नोंदणी, एकोणतीस हजार किलोमीटर, एकच मालक, कापडी छत. बॉक्स्टर साडेअकरा लाखांनी महाग आहे. दोन्ही चालवून पाहिल्या. झेड४चा जोर पाठीला जाणवतो. बॉक्स्टरमध्ये तसा धक्का बसला नाही, परंतु उतरल्यावर पुन्हा बसावेसे वाटले ते तिच्यातच. या एका भावनेचे मोल साडेअकरा लाख आहे का, हे मला ठरवता येत नाही.

सयाजीनगरी

लश्करकर, धाग्याबद्दल अभिनंदन. बडोद्यात मी सहा वर्षे हीच झेड४ बाळगली असल्याने तिची बाजू मांडण्याचा मला थोडा अधिकार आहे.

रोजच्या वापरासाठी धातूचे छत हा फार मोठा सोयीचा मुद्दा आहे. ग्वाल्हेरचा मे महिना आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर छत उघडण्याचा प्रश्नच येत नाही, गाडी बंद खोलीसारखी थंड राहावी एवढीच अपेक्षा उरते आणि ती झेड४ पूर्ण करते. शिवाय आपल्याकडे माकडे आहेत. हा विनोद समजू नये. आमच्या सोसायटीत एका सद्गृहस्थांच्या गाडीचे कापडी छत माकडांनी एका दुपारीत फाडले होते, आणि नवे छत बसवण्याचा आकडा ऐकून ते सद्गृहस्थ बराच वेळ पायरीवर बसून होते.

इंजिनबद्दल सांगायचे तर तीन लिटरचे, दोन टर्बोंचे, सरळ रांगेतील सहा सिलिंडरचे, ३०६ अश्वशक्तीचे हे इंजिन ४०० न्यूटनमीटरचा जोर अगदी खालच्या फेऱ्यांपासूनच देते. भिंड रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली ओलांडताना गिअर खाली आणण्याचीही गरज पडणार नाही. डिकी छत वर असताना ३१० लिटरची असते आणि छत घडी करून आत ठेवले की १८० लिटर उरते; दोन माणसांच्या दोन दिवसांच्या सामानाला तेवढे पुरते.

आता दुखरी बाजूही सांगतो. हालोल रस्त्यावर माझ्या गाडीची ताकद अचानक निम्म्यावर आली आणि मी ट्रकच्या मागोमाग तीसच्या वेगाने घरी पोहोचलो. दोष हाय-प्रेशर फ्युएल पंपाचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोठ्या दाबाने ढकलणाऱ्या पंपाचा, निघाला. ज्या कार्यशाळेत गाडी दिली तिथे आधी इग्निशन कॉइल बदलल्या, मग स्पार्क प्लग बदलले, आणि पंपापर्यंत पोहोचेपर्यंत पाच आठवडे व बराच पैसा गेला. या इंजिनाचा हा पंप कुप्रसिद्ध आहे. अमेरिकेत २०१०मध्ये त्याच कारणासाठी कंपनीने हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या. आपण पाहिलेल्या गाडीत पंप कधी बदलला, हे बिलासह विचारावे.

पीथमपूरकर

मी इंदूरचा. नोकरीच्या निमित्ताने वाहनांच्या चाचण्यांशी संबंध येतो. काही मित्र पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार मार्ग दाखवून 'ट्रॅक घराजवळच आहे की' असे म्हणतात, म्हणून आधी तो गैरसमज दूर करतो. २०२१मध्ये सुरू झालेला तो मार्ग सतत उच्च वेगाच्या चाचण्यांसाठी आहे. तिथे गाडी किती वेगाने धावते ते कळते, परंतु ती वळते कशी आणि थांबते कशी, हे कळत नाही. आपल्याला कळायला हवे आहे ते दुसरे.

बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे, वळणे सोळा आहेत. तिसऱ्या वळणातून बाहेर पडल्यावर किलोमीटरभराची सरळ पट्टी लागते आणि तिच्या शेवटी चौथ्या वळणासाठी गाडीला दोनशेच्या वरून एकदम खाली आणावे लागते. झेड४ला तिचा स्वभाव तिथे आड येतो. ती बॉक्स्टरपेक्षा दीडशे किलोंहून अधिक जड आहे, पुढच्या ब्रेकला एका पिस्टनचे सरकते कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे जबडे) आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला पेडल पायाखाली मऊ पडू लागते. बॉक्स्टरला कारखान्यातूनच चार पिस्टनचे घट्ट बसवलेले कॅलिपर मिळतात. दुसरी गोष्ट तेलाच्या तापमानाची. टर्बोंनी तापलेले तेल ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की संगणक ताकद कापतो, आणि आपल्या हवामानात तो क्षण लवकर येतो. म्हणजे कागदावरची ३०६ अश्वशक्ती पहिल्या दोन फेऱ्यांपुरतीच, त्यानंतर गाडी थंड करण्यासाठी सावकाश फेरी मारावी लागते.

बॉक्स्टरची २६५ अश्वशक्ती शेवटपर्यंत टिकते. इंजिन आसनांच्या मागे, मागच्या आसाच्या पुढे असल्याने गाडी आपल्या कमरेभोवती वळते, असा भास होतो. शून्यापासून ताशी शंभरचा वेग झेड४ ५.१ सेकंदांत गाठते आणि बॉक्स्टरला ५.७ सेकंद लागतात, यावर जाऊ नये. ट्रॅकवर शून्यापासून कोणी निघत नाही.

नवखा_पण_हौशी

मी ऐकले आहे की बॉक्स्टरमध्ये आयएमएस बेअरिंग नावाची एक भानगड असते. ते तुटले की संपूर्ण इंजिन कामातून जाते आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीएवढा होतो. मग अशी गाडी घ्यावीच कशाला?

गाडीवान

नवखा, ऐकलेले अर्धे बरोबर आहे. पण अर्ध्या माहितीमुळे चांगल्या गाड्या लोक सोडून देतात, म्हणून उरलेले अर्धे सांगतो. ती बेअरिंग ज्या मधल्या दांड्याला आधार देत असे, तो दांडाच २००९च्या इंजिनांपासून रद्द झाला. लश्करकर पाहत आहेत ती ९८१ पिढी त्यानंतरची आहे. तिला तो आजार होऊच शकत नाही, कारण तो अवयवच तिच्यात नाही. २००५ ते २००८मधली स्वस्त बॉक्स्टर कोणी दाखवली असती तर मीच सांगितले असते की आधी बेअरिंगचा इतिहास पाहा.

चाळीस वर्षे पुण्यात गॅरेज चालवून मी आता निवृत्त झालो आहे. गाडी घेण्यापूर्वी काय पाहायचे ते सविस्तर लिहीन, परंतु एक प्रश्न आधी : लश्करकर, वाड्याच्या दरवाजातून ही गाडी आत कशी जाणार, हे आपण पाहिले आहे का?

रेवाकाठ

लश्करकरदादा, यंत्राबद्दल जाणकार बोलत आहेतच. मी वकील असल्याने मला कागद दिसतात, आणि या व्यवहारात कागदाचे वजन इंजिनापेक्षा कमी नाही.

झेड४ची नोंदणी डिसेंबर २०११ची आहे, म्हणजे डिसेंबर २०२६मध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण होतील. ग्वाल्हेरला त्यानंतर तंदुरुस्ती तपासणी करून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेता येते. प्रश्न आपल्या ट्रॅकचा आहे. ग्रेटर नोएडा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते आणि तिथे पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८मध्ये कायम ठेवले. ऑगस्ट २०२५मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला, परंतु या विषयातील आदेश वारंवार बदलत आलेले आहेत. जी गाडी आपण मुख्यतः त्या क्षेत्रातल्या एका ट्रॅकसाठी घेणार, तिचा तिथला प्रवेशच पुढच्या तारखेवर अवलंबून असावा, हे मला शहाणपणाचे वाटत नाही. दिल्लीत झेड४ स्वस्त मिळण्याचे एक कारणही हेच आहे, याची नोंद घ्यावी. बॉक्स्टरला २०२८पर्यंत अवधी आहे.

व्यवहार कोणताही करा. दिल्लीच्या परिवहन कार्यालयाकडून २८ क्रमांकाच्या नमुन्यातील ना-हरकत, विक्रेत्याच्या सहीचे मालकी हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने, आणि कर्ज असल्यास ते फिटल्याचा बँकेचा ३५ क्रमांकाचा नमुना हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. मध्य प्रदेशात आणल्यावर बारा महिन्यांच्या आत येथील नोंदणी करावी लागते आणि रस्ताकर पुन्हा भरावा लागतो. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, तो मूळ मालकाच्या सहकार्यानेच मिळतो, म्हणून त्यासंबंधीची संमती आधीच लिहून घ्यावी.

आणि विमा. आपल्याकडील मोटार विम्याच्या पॉलिसीत संघटित शर्यती, वेगाच्या चाचण्या अशा वापराला संरक्षण नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. ट्रॅकवर भिंतीला गाडी लागली तर खर्च आपला. दोन गाड्यांच्या सुट्या भागांच्या किमती लक्षात घेता, साडेअकरा लाखांचा हिशेब करताना हेही धरावे.

लश्करकर

सर्वांचे मनापासून आभार. रेवाकाठताई, वयाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी २०११ आणि २०१३ यांतला फरक 'दोन वर्षे' एवढाच मोजत होतो.

गाडीवानकाका, आपला प्रश्न वाचून काल संध्याकाळी टेप घेऊन दरवाजात उभा राहिलो. बाहेर गल्लीपासून दरवाजापर्यंत दगडी चढ आहे, आणि माथ्यावर चार बोटे उंचीचा उंबरा. हॅचबॅक त्यावरून उडी मारल्यासारखी जाते, म्हणून त्याकडे कधी लक्ष गेले नाही. या दोन बुटक्या गाड्यांपैकी एखादीचे तरी नाक तिथे निश्चित घासेल. काय करावे?

दुसरी शंका पेट्रोलची. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. या वयाच्या गाड्यांना ते चालेल का?

गाडीवान

आधी उंबरा. एक मोठा पुठ्ठा घ्यावा. दिल्लीला जाल तेव्हा गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून बंपरच्या टोकापर्यंतचे अंतर आणि बंपरच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजावी, त्या मापाने पुठ्ठा कापावा, आणि घरी येऊन तो आपल्या चढावर सरकवून पाहावा. दोन चाकांमधला पोटाचा भागही तसाच तपासावा. मला वाटते बॉक्स्टरचे नाक चाकांच्या पुढे अधिक आलेले असल्याने ती आधी घासेल आणि झेड४चे लांब पोट उंबऱ्यावर अडखळेल, पण पुठ्ठा माझ्यापेक्षा खरे बोलेल.

पेट्रोलबद्दल. युरोपात या दोन्ही गाड्यांना १० टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल मान्य आहे. वीस टक्क्यांसाठी त्या बनवलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे सरासरी थोडी घसरेल. खरा धोका गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवण्याचा आहे, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. तुमची गाडी रोज मालनपूरला जाणार, टाकी आठवड्यात रिकामी होणार, म्हणून मला फार चिंता वाटत नाही. इंधनाच्या रबरी नळ्या दरवर्षी पाहाव्यात.

आता तपासणी. झेड४ थंड असताना सुरू करावी आणि पहिली दोन मिनिटे खालून खडखड येते का, ते ऐकावे. टर्बोच्या वेस्टगेटचा, म्हणजे जादा वायू बाजूला सोडणाऱ्या झडपेचा, तो आवाज असतो. पाण्याचा विजेवर चालणारा पंप बदलला आहे का, ते विचारावे, कारण तो पूर्वसूचना न देता बंद पडतो. ऑइल फिल्टरच्या घराभोवती तेलाचा ओलसर थर दिसला तर तिथली गॅस्केट गेली आहे. छत सलग तीन वेळा उघडून मिटावे. एकदा नीट चालणे हा पुरावा नव्हे.

बॉक्स्टरचे इंजिन वरून दिसतच नाही. मागच्या डिकीत तेल आणि कूलंट ओतण्याची दोन झाकणे तेवढी दिसतात. म्हणून ती लिफ्टवर चढवल्याशिवाय मत देऊ नये. अधिकृत संगणकावर लावून इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले, त्याची नोंद काढून घ्यावी. ती नोंद विक्रेत्याला पुसता येत नाही. छताच्या पाणी वाहून जाण्याच्या भोकांत ग्वाल्हेरची धूळ आणि निंबाचा पाला साचतो, तेव्हा तांब्याभर पाणी ओतून ते खाली निथळते का, हे पाहावे. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २९ हजार चाललेल्या गाडीचे टायर रेषांनी चांगले दिसतील, पण दहा वर्षांचे निघाले तर ते रबर नव्हे, लाकूड समजावे.

सयाजीनगरी

पीथमपूरकरांचा एकही मुद्दा खोडून काढण्याजोगा नाही, तरी एक विचारतो. वर्षातले पाच दिवस ट्रॅक आणि तीनशे दिवस भिंड रस्ता. पाच दिवसांकडे पाहून तीनशे दिवसांची गाडी का ठरवावी? झेड४ला चांगले ब्रेक पॅड आणि उत्तम ब्रेक ऑइल घातले, दोन फेऱ्यांनंतर तिला श्वास घेऊ दिला, तर साडेअकरा लाख वाचतात. शिवाय तिचे टायर रनफ्लॅट आहेत. रात्री मालनपूरहून परतताना हवा गेली तर थांबावे लागणार नाही. बॉक्स्टरला स्टेपनीच नाही, फक्त फेसाची बाटली आणि पंप असतो.

पीथमपूरकर

सयाजीनगरी, रनफ्लॅटचा मुद्दा मान्य. परंतु त्याच टायरच्या कडक कडांमुळे खड्ड्याचा सगळा मार चाकावर येतो आणि चाके तडकतात. भिंड रस्त्यावर पावसाळ्यानंतर हा हिशेब उलटा पडू शकतो.

ब्रेक ऑइलबद्दल आपण बरोबर सांगितले. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषलेल्याचा १५५पर्यंत उतरू शकतो. बुद्धच्या चौथ्या वळणावर हा फरक पायाला कळतो. ते ऑइल गाडी कोणतीही असली तरी ट्रॅकपूर्वी बदलावे.

मात्र लश्करकर, एक चौकशी गाडी घेण्यापूर्वीच करावी. उघड्या छताच्या गाड्यांना ट्रॅकवर घेताना आयोजक अटी घालतात. पुढच्या काचेच्या चौकटीपासून आसनामागच्या कमानींपर्यंत काठी धरून हेल्मेट तिच्याखाली राहते का, हे पाहतात. आपण उंच असाल तर हेल्मेट घालूनच दोन्ही गाड्यांत बसून पाहावे.

लश्करकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझी उंची पाच फूट अकरा इंच. मुलाचे हेल्मेट घेऊन दिल्लीला गेलो आणि विक्रेत्याच्या आवारात, लोक पाहत असताना, हेल्मेट घालून दोन्ही गाड्यांत बसलो. सौभाग्यवतींनी पंखा झाडण्याची काठी आडवी धरली. बॉक्स्टरमध्ये आसन अगदी खाली घेतल्यावर काठी आणि हेल्मेट यांच्यात दोन बोटे उरली. झेड४मध्येही जमले, पण जेमतेम.

झेड४च्या मालकाकडे फ्युएल पंप बदलल्याचे बिल नव्हते, 'बदलला असावा' एवढेच उत्तर होते. छत दुसऱ्यांदा मिटताना अर्ध्यात थांबले आणि त्याने ते हाताने ढकलून पूर्ण केले, मग सवयीने हसला. तिथेच माझा निर्णय झाला. सयाजीनगरी, आपली बाजू रास्त होती, पण ती चांगल्या झेड४ची होती आणि समोर उभी होती ती ही.

बॉक्स्टर लिफ्टवर चढवून तपासली. संगणकाच्या नोंदीत काळजीचे काही निघाले नाही. टायर मात्र गाडीवानकाकांच्या भाकिताप्रमाणे २०१४च्या अकराव्या आठवड्याचे, आणि मागच्या ब्रेक डिस्कला कडेला नखाने जाणवेल एवढी धार आलेली. टायर, डिस्क आणि नवे ब्रेक ऑइल या तिन्हींचे लेखी अंदाजपत्रक समोर ठेवल्यावर दोन लाख दहा हजार उतरले. माकडांसाठी जाड कापडाचे आच्छादन शिवायला टाकले आहे. रेवाकाठताईंनी सांगितलेले सर्व नमुने सह्यांनिशी हाती आहेत, ना-हरकत येताच गाडी आणीन. पहिला ट्रॅकचा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी ठेवला आहे. तोवर धुके सरते आणि यमुना एक्स्प्रेसवेवरची हिवाळ्यातली ताशी ७५ किलोमीटरची मर्यादाही उठलेली असते.

पुठ्ठ्याने सांगितले की नाक दोन इंचांनी घासणार. काल मिस्त्रीला बोलावले आणि चढ गल्लीच्या बाजूने दीड हात लांबवायला, उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना उतार द्यायला सांगितले. त्याने पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "साहेब, एवढ्याशा गाडीला एवढा लांब रस्ता?" सिमेंट आज सकाळी पडले आहे. सात दिवस पाणी मारायचे आहे, तोवर हॅचबॅकही गल्लीतच उभी आहे.